गाणे नेमके कोणाचे? गायनस्पर्धेच्या मंचावर हरवणारी नावे

१/ थ्रेड. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत निवेदक जाहीर करतो, 'आता ऐकू या लतादीदींचे एक अजरामर गाणे.' टाळ्या पडतात, स्पर्धक गातो, परीक्षकांचे डोळे पाणावतात, गुण दिले जातात. ते गाणे कोणी लिहिले, त्याची चाल कोणी बांधली आणि त्यातला वाद्यमेळ कोणी रचला, याचा उच्चार बहुतेक वेळा होतच नाही. हा थ्रेड त्या न उच्चारलेल्या नावांचा आहे.

२/ प्रश्न शिष्टाचाराचा वाटेल, परंतु तो इतिहासाचा आहे. चित्रपटगीतावर आज जी जी नावे दिसतात, त्यांतले एकही सहज आलेले नाही. प्रत्येक नावामागे भांडण आहे, नकार आहे, खटला आहे. ज्या गायकांची नावे मंचावर आदराने घेतली जातात, त्यांचेही नाव एके काळी तबकडीवर छापले जात नव्हते. हा लढा विसरून 'अमक्याचे गाणे' एवढेच म्हणणे म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांची कमाई एका वाक्यात घालवणे होय.

३/ आरंभापासून पाहू. 'आलम आरा' हा भारतातील पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्यात सात गाणी होती. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे स्वतः संगीतकारही होते. त्या काळी नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात असत आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करीत. पडद्यावर दिसणारा गळाच गात असल्यामुळे 'गायक कोण?' हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

४/ १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'भाग्यचक्र' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'धूप छाँव' काढली. संगीत रायचंद बोराल यांचे होते. गाणे आधी मुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलवण्याची रीत, म्हणजे पार्श्वगायन, येथून रुजली. शरीर एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा अशी फारकत झाली. चित्रपटसृष्टीने आवाजाच्या मालकाला पडद्यामागे ठेवण्याचा सोयीचा मार्ग निवडला.

५/ याचा कळस १९४९ मध्ये झाला. 'महल' या चित्रपटातील त्या प्रसिद्ध, पछाडून टाकणाऱ्या गाण्याची तबकडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव होते 'कामिनी'. कामिनी ही कोणी गायिका नव्हे. मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे ते नाव! गाणाऱ्या लता मंगेशकर यांचे वय तेव्हा वीस वर्षे. आकाशवाणीकडे श्रोत्यांची विचारणा होऊ लागली, मग तबकडी काढणाऱ्या कंपनीकडून खरे नाव मिळवून ते प्रसारित करण्यात आले.

६/ नोंद घेण्याजोगी बाब अशी की, 'महल'च्या त्याच गाण्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश १९५० मध्ये निवर्तले. चित्रपटाच्या यशानंतर त्यांना जेमतेम काही महिने मिळाले. शब्द नक्शब जारचवी यांचे होते. आज हे गाणे स्पर्धेच्या मंचावर येते, तेव्हा 'कामिनी'च्या जागी 'लता' हे नाव आलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण उरलेल्या दोघांची स्थिती अजून 'कामिनी'च्या काळातलीच आहे.

७/ गायकांना नाव कोणी बहाल केले नाही, त्यांनी ते मागून घेतले. तबकडीवर गायकाचे नाव छापले गेले पाहिजे, असा आग्रह लता मंगेशकर यांनी त्याच सुमारास धरला. १९४९ च्या 'बरसात'च्या तबकड्यांवर त्यांचे नाव दिसले. आज ही गोष्ट किरकोळ वाटते. परंतु नाव छापले की पत्ता सापडतो, श्रोता पुढच्या वेळी ते नाव मागतो आणि निर्मात्याशी बोलताना गायकाच्या हाती काहीतरी लागते. नाव ही केवळ कौतुकाची बाब नव्हती. व्यवहारातले ते पहिले भांडवल होते.

८/ पुढची पायरी पुरस्कारांची. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. पहिल्याच वर्षी संगीतकारासाठी पुरस्कार होता आणि तो 'बैजू बावरा'साठी नौशाद यांना मिळाला. गायक आणि गीतकार यांच्यासाठी मात्र पुरस्कारच नव्हता. १९५७ मध्ये 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांची निवड झाली. समारंभात त्यातले गाणे गाण्याची विनंती लताबाईंना करण्यात आली आणि त्यांनी ती नाकारली.

९/ नकारामागचा त्यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे आणि या थ्रेडच्या दृष्टीने कळीचाही. सन्मान फक्त संगीताचा होत असेल, तर वाद्यवृंदाने नुसती धून वाजवावी; तेथे गायक कशाला हवा आणि शब्द तरी कशाला हवेत? 'शब्द तरी कशाला' या भागाकडे वाचकांनी नीट पाहावे. आपल्या हक्कासाठी भांडताना त्या गीतकारालाही सोबत घेऊन भांडल्या. १९५९ च्या समारंभात पार्श्वगायन आणि गीतलेखन असे दोन्ही पुरस्कार प्रथमच दिले गेले. पहिला लताबाईंना, 'मधुमती'साठी. दुसरा शैलेंद्र यांना, 'यहूदी'साठी.

१०/ म्हणजे ज्यांचे नाव पुढे करून आज गीतकाराला झाकले जाते, त्यांनीच गीतकारासाठी दार ठोठावले होते. 'लतादीदींचे गाणे' म्हणून शैलेंद्रांचे नाव गाळणे हा लतादीदींचा गौरव ठरत नाही. त्यांनी ज्या गोष्टीला विरोध केला, तीच गोष्ट त्यांच्या नावाने केली जाते.

११/ आता नभोवाणीकडे वळू, कारण कोणाचे नाव घ्यावे आणि कोणाचे गाळावे हा वाद तिथेच सर्वाधिक पेटला. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटसंगीताविषयी त्यांची नापसंती उघड होती. गाणे लावताना चित्रपटाचे नाव उच्चारणे ही जाहिरात होय, अशी भूमिका आकाशवाणीने घेतली आणि ते नाव गाळले. चिडलेल्या निर्मात्यांनी गाण्यांची परवानगीच काढून घेतली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' घराघरात पोहोचली.

१२/ मंत्र्याला चित्रपटाचे नाव नको होते आणि निर्मात्याला दुसरे कोणतेच नाव महत्त्वाचे वाटत नव्हते. या दोहोंच्या मध्ये गीतकार कुठेच नव्हता. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत आकाशवाणीवर सन्मानाने परतले. गाण्यासोबत गीतकाराचेही नाव सांगण्याची प्रथा रूढ झाली, त्यात साहिर लुधियानवी यांच्या आग्रहाचा वाटा मोठा मानला जातो.

१३/ या प्रथेने काय घडवले, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. 'गीत, संगीत आणि स्वर' हा निवेदनाचा क्रम मराठी श्रोत्यांच्या कानांत इतका मुरला की, आजही पन्नाशीपुढचा मराठी माणूस जुन्या गाण्यामागोमाग ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके, जगदीश खेबुडकर, राम कदम ही नावे सहज सांगतो. हा त्याच्या जन्मजात रसिकतेचा चमत्कार नव्हे. दररोज सकाळी कोणीतरी ती नावे उच्चारीत होते, म्हणून ती टिकली. स्मृती शिकवावी लागते.

१४/ येथेच गायनस्पर्धेचे महत्त्व येते. १९५० च्या दशकातही स्पर्धा होत्या. रेडिओसंच बनवणाऱ्या मर्फी कंपनीचे नाव लाभलेल्या 'मेट्रो-मर्फी' स्पर्धेतून महेंद्र कपूर पुढे आले. पंचांत नौशाद, सी. रामचंद्र यांच्यासारखे संगीतकार होते. सी. रामचंद्रांनीच पुढे व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'मध्ये (१९५९) त्यांना गायला लावले. स्पर्धकाची पारख चाली बांधणारे लोक करीत, त्यामुळे गाण्यात संगीतकार नावाची कोणी व्यक्ती असते याचा विसर पडणे शक्यच नव्हते.

१५/ १९९५ मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झाले, पुढच्या वर्षी दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' आले. सुनिधी चौहान आणि श्रेया घोषाल या दोघी अशा मंचांवरूनच चित्रपटसृष्टीत गेल्या. २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल' हा ब्रिटिश साच्यावर बेतलेला कार्यक्रम आला आणि अभिजित सावंत या मराठी तरुणाने तो जिंकला. प्रेक्षकांचे एसएमएस निर्णायक झाले. झी मराठीच्या 'सा रे ग म प'मधील 'लिटल चॅम्प्स'ने २००८-०९ मध्ये अवघा महाराष्ट्र दूरचित्रवाणीसमोर बसवला.

१६/ या मंचांनी संगीताचे वाटोळे केले, असा आरोप अनेक जाणकार करतात. तो येथे करायचा नाही. गावातल्या, चाळीतल्या, कोणताही वशिला नसलेल्या मुलांना त्यांनी संधी दिली, हे खरे आहे. पन्नास वर्षांपूर्वीची गाणी दहा वर्षांच्या मुलांच्या ओठी आली, हेही खरे. तक्रार वेगळी आणि अधिक गंभीर आहे. आज एका संपूर्ण पिढीसाठी चित्रपटसंगीताच्या इतिहासाचा सर्वांत मोठा वर्ग हाच मंच आहे आणि त्या वर्गात अर्धवट धडा शिकवला जातो.

१७/ या अर्धवट धड्याचा मुख्य शब्द 'ओरिजिनल'. 'ओरिजिनल गायकाची आठवण झाली', 'अगदी ओरिजिनलसारखे झाले', 'ओरिजिनलच्या जवळ गेलास'. मूळ म्हणजे एक आवाज, अशी समजूत त्यातून पक्की होते. आता एक साधे निरीक्षण करावे. जुने लोकप्रिय गाणे सुरू होते, तेव्हा पहिल्या टाळ्या केव्हा पडतात? स्पर्धकाने तोंड उघडण्यापूर्वी. व्हायोलिनची ती ओळ, अकॉर्डियनची ती लकेर कानी पडली की सभागृह ओळखते आणि दाद देते. ती दाद कोणाला असते? ज्याचा त्या संध्याकाळी एकदाही उल्लेख होणार नाही, अशा माणसाला.

१८/ तो माणूस पुष्कळदा गोव्याचा असे. मुंबईच्या स्टुडिओंत संगीतकार पेटीवर चाल ऐकवीत. तीस-चाळीस वादकांनी कोणत्या क्षणी काय वाजवायचे, याचे कागद मात्र संगीत संयोजक लिहून काढी. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या वादकांकडे ती विद्या होती. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे हे काम केले. ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांसोबत होते. 'अलबेला'तील (१९५१) पाश्चात्त्य ढंगाच्या ठेक्यात त्यांचा हात आहे.

१९/ श्रेयनामावलीत या मंडळींना मिळे ती पदवी 'सहायक'. तीही मिळाली तर. मुजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, संयोजक आणि शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गुरूचे नाव पुसले जाऊ नये, या भावनेने १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील एका गाण्यात ते गुंफले गेले. आज ते गाणे प्रत्येक पर्वात कोणीतरी गातो, सभागृह नाचते आणि त्या नावाचा एक खराखुरा संगीतकार होऊन गेला, याची बहुतेकांना कल्पना नसते. नाव ओठांवर आहे आणि माणूस हरवला आहे.

२०/ नावाचा लढा पैशाशी कसा जोडलेला होता, तेही पाहावे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तबकड्यांच्या विक्रीत गायकांना रॉयल्टीचा वाटा हवा, अशी मागणी लता मंगेशकर यांनी केली. मोहम्मद रफी यांचे मत निराळे होते. मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला, असे ते मानत. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणेच थांबवले. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. परंतु गाण्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न किती खोल होता, हे त्या वर्षांच्या अबोल्यातून कळते.

२१/ गीतकार आणि संगीतकार यांची लढाई न्यायालयात गेली. त्यांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो निर्मात्यांच्या बाजूने. चित्रपटासाठी मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गीताचा आणि संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडले. गायकाला कायद्यात स्थान नसणे भारतीय संगीताच्या प्रकृतीशी विसंगत आहे, संसदेने याचा विचार करावा, असे त्यांचे म्हणणे होते.

२२/ संसदेने विचार केला, पण फार सावकाश. कलावंतांचे सादरीकरणावरील हक्क १९९४ च्या दुरुस्तीत आले. गीतकार-संगीतकारांना न्याय मिळण्यासाठी २०१२ उजाडावे लागले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला. चित्रगृहातील प्रदर्शनाखेरीज गाण्याचा अन्यत्र वापर झाला की रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकारांचा. आणि तो त्यांच्याकडून लिहून काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. साहिर आणि शैलेंद्र तोवर कधीच गेले होते.

२३/ याच २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३१ ड आले. वैधानिक परवान्याखाली गाणी प्रसारित करणाऱ्या वाहिन्यांसाठी ते आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, प्रसारणासोबत रचनाकारांची आणि प्रमुख कलावंतांची नावे जाहीर करावीत. मात्र त्याच वाक्यात एक अपवाद आहे : वाहिनी ती रचना सादरीकरणाच्या रूपाने पोहोचवीत असेल, तर हे बंधन नाही. स्पर्धेतील स्पर्धक मंचावर गातो, तेव्हा काय घडते? सादरीकरणच. मूळ ध्वनिमुद्रिका वाजवणाऱ्याने नावे सांगावीत अशी कायद्याची अपेक्षा आहे. तेच गाणे मंचावर गाऊन घेणाऱ्याकडून ती नाही.

२४/ कोणी म्हणेल, कलम ५७ आहे. खरे आहे. रचना विकली तरी 'ती माझी आहे' हे सांगण्याचा हक्क रचनाकाराकडे राहतो. पण हा हक्क त्याने स्वतः मागायचा असतो, वकील लावून. दुसरीकडे कलम ५२ अ पाहावे. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ती काढणाऱ्याचे नाव, हक्कधारकाचे नाव आणि प्रकाशनाचे वर्ष छापणे त्यानुसार सक्तीचे आहे. गीतकाराचे नाव त्या यादीत नाही. मालकाचे नाव बंधनकारक आणि निर्मात्या प्रतिभेचे ऐच्छिक, ही कायद्याची उतरंड जशीच्या तशी स्पर्धेच्या मंचावर उतरली आहे. तिथे प्रायोजकाचे नाव कधीही विसरले जात नाही.

२५/ आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप : लोकांना आवाजच आठवतो, त्याला निवेदक काय करणार? उत्तर वर आलेच आहे. विविध भारतीच्या श्रोत्यालाही आधी आवाजच आठवे. निवेदनाने त्याला उरलेली नावे दिली. दुसरा आक्षेप : वेळ महाग असतो. चार नावे उच्चारायला पाच-सात सेकंद लागतात आणि पडद्याच्या तळाशी ती दाखवायला तेवढेही लागत नाहीत. त्याच पडद्यावर स्पर्धकाला मत देण्याची रीत मिनिटामिनिटाला झळकू शकते, तर गीतकाराचे नाव एकदा झळकायला अडचण कोणती?

२६/ तिसरा आक्षेप : हल्ली सगळे इंटरनेटवर सापडते. असे असते, तर २०२० मध्ये स्वानंद किरकिरे, वरुण ग्रोव्हर, कौसर मुनीर, अमिताभ भट्टाचार्य आदी गीतकारांना एकत्र येऊन 'श्रेय द्या' अशी गाण्यातूनच जाहीर मागणी करण्याची वेळ आली नसती. पुरस्कार मिळवलेले, हयात, कामात असलेले हे लोक. त्यांची ही स्थिती, तर १९५० मध्ये निवर्तलेल्या खेमचंद प्रकाशांच्या वतीने कोण बोलणार?

२७/ चौथा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : मराठी वाहिन्यांवर अनेकदा गीतकार-संगीतकारांचा उल्लेख होतो, त्यांच्या गाण्यांचे विशेष भागही होतात. होय, आणि त्याबद्दल त्यांचे श्रेय त्यांना द्यावे. परंतु विशेष भागात आठवण आणि नेहमीच्या भागात विस्मरण, ही रीत पुण्यतिथीसारखी झाली. 'जैत रे जैत'चे (१९७७) गाणे गायले जाते, तेव्हा ते ना. धों. महानोरांच्या शब्दांचे आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीचे आहे, हे सांगण्यासाठी विशेष भागाची वाट कशाला पाहावी? त्या गाण्यातले रान आणि पाऊस कवीच्या शब्दांतून आलेले आहेत.

२८/ एक उदाहरण तर या साऱ्या प्रकारावरचे भाष्यच आहे. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'मधील (१९६५) लोहाराच्या ऐरणीचे गाणे मराठी स्पर्धांत हमखास येते आणि 'लतादीदींचे गाणे' म्हणून येते. त्याचे शब्द जगदीश खेबुडकरांचे. संगीतकाराचे नाव 'आनंदघन'. हे आनंदघन म्हणजे टोपणनाव घेतलेल्या स्वतः लता मंगेशकर! म्हणजे येथे 'लतादीदींचे गाणे' हे वाक्य दुप्पट खरे आहे आणि तरीही त्यातला अर्धा भाग सांगायचा राहतो. संगीतकाराचे नाव विचारण्याची सवयच मोडली की, ज्यांचा जयजयकार चालला आहे त्यांचीही अर्धी कर्तबगारी झाकली जाते.

२९/ सर्वांत मोठी किंमत स्पर्धक मोजतो. मूळ म्हणजे एक आवाज, असे ठरले की पंधरा वर्षांच्या मुलीपुढे एकच मार्ग उरतो : त्या आवाजाची नक्कल. ती कितीही चांगली साधली तरी शेवटी 'ओरिजिनल ते ओरिजिनल' हे ऐकावे लागतेच. हेच गाणे एका कवीने या प्रसंगासाठी लिहिले, संगीतकाराने अमुक रागाच्या छायेत बांधले, संयोजकाने इथे जाणूनबुजून शांतता ठेवली, असे तिला सांगितले गेले तर? तर तिला दिसेल की, गाणे म्हणजे अनेकांनी घेतलेले निर्णय आहेत आणि त्यांत आपलाही एक निर्णय मिसळता येतो. ज्या आवाजाची नक्कल मागितली जाते, त्या आवाजानेही प्रथम हेच केले होते.

३०/ मागणी म्हणून साधी आहे. प्रत्येक सादरीकरणापूर्वी चित्रपट, गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक ही चार नावे पडद्यावर यावीत आणि निवेदकाने ती उच्चारावीत. संयोजक ठाऊक असेल, तर पाचवे नाव. स्पर्धकामागे बसून जुन्या गाण्याचा प्रत्येक तुकडा हुबेहूब उभा करणाऱ्या आजच्या वादकांची नावेही भागाच्या अखेरीस वाचता येतील एवढ्या गतीने दाखवावीत. कायद्यातला तो अपवाद संसद काढील तेव्हा काढो. नाव घ्यायला कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही.

३१/ तोवर वाचकांनी एक करावे. पुढच्या भागात एखाद्या स्पर्धकाचे गाणे आवडले की, त्याची चित्रफीत पुढे पाठवताना गीतकार आणि संगीतकार यांची नावे सोबत लिहावीत. या थ्रेडखालीही आवडत्या चित्रपटगीताची चारही नावे लिहावीत. शक्यतो न शोधता, आठवून. तिसऱ्या नावाशी अडखळायला झाले, तर दोष स्मरणशक्तीचा समजू नये. ते नाव कोणी कधी सांगितलेच नव्हते.

(थ्रेड समाप्त)